खंडेनवमीचा राउटर

राउटर नावाच्या वस्तूला एकूण पाच खाचा असतात. चार पिवळ्या, एका रांगेत, शेजारीशेजारी. आणि एक निळी, जरा अंतर राखून. मी वीज खात्यात चौतीस वर्षं काढलेली असल्यामुळे ही रचना मला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. जे चौघं एकत्र असतात ते कामाचे आणि जे एकटं लांब असतं ते अर्थिंगचं, हे आमच्याकडे नव्यानं लागलेल्या माणसालाही पहिल्या आठवड्यात कळतं. म्हणून मी केबलवाल्याची वायर पहिल्या पिवळ्या खाचेत घातली. पुढे जे काही झालं त्याला ही एकच कृती जबाबदार आहे, असं आमच्या नवरंग कॉलनीचं मत आहे. माझ्या मते त्याला इतरही कारणं आहेत, पण ती मला कुणी विचारत नाही.

राउटर आमच्या मुलीनं, ज्ञानदानं, पुण्याहून पाठवला. तोवर केबलवाल्या मानसिंगची वायर देवघराच्या खिडकीतून आत येऊन थेट आमच्या कॉम्प्युटरात जात होती आणि आमचं सुखात चाललं होतं. पण हिला, म्हणजे विनोदिनीला, स्वयंपाकघरात मोबाइलवर कीर्तनं ऐकायची होती, आणि आमच्या भागात मोबाइलला रेंज नाही. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, डोंगराच्या अगदी कुशीत आमची बावीस घरं आहेत. गच्चीवरच्या टाकीला टेकून उभं राहिलं तर बोलणं होतं, तेही अर्धं. त्यामुळे सगळी कॉलनी मानसिंगच्या वायरवर जगते. त्या वायरचा मुख्य डबा आमच्याच भिंतीला बाहेरून ठोकलेला आहे आणि त्याला वीजही आमच्याच मीटरमधून जाते. बारा वर्षांपूर्वी मानसिंगनं विचारलं होतं, "अण्णा, डबा तुमच्या घरावर लावू का? खात्यातल्या मानसाचं घर, लाइटीची काळजी न्हाई." याला नाही म्हणणं मला जड गेलं. डबा लागला आणि मी तो विसरलो. हे विसरणं वाचकांनी लक्षात ठेवावं.

अष्टमीच्या संध्याकाळी मी राउटर जोडायला घेतला. ज्ञानदा टाकीवरच्या फोनवरून सूचना देत होती; म्हणजे टाकीला टेकून मी होतो आणि राउटर खाली होता. प्रत्येक सूचनेला एकवीस पायऱ्या उतरायच्या आणि एकवीस चढायच्या.

"बाबा, आता तिथे विचारेल, स्टॅटिक की डायनॅमिक. डायनॅमिक निवडा."

"म्हणजे काय?"

"म्हणजे केबलवाला तुमच्या राउटरला नंबर देतो. तो कायमचा नसतो. बदलत राहतो."

मला हे आवडलं नाही. आमच्या घराचा मीटर नंबर एक्क्याण्णव सालापासून तोच आहे. रेशनकार्डाचा तोच आहे. या वयात मला कुणी रोज नवा नंबर देणार आणि मी तो मुकाट्यानं घेणार, यात कुठेतरी माझा उपमर्द आहे असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, डायनॅमिकच." पोरगी आईवर गेली आहे. मी डायनॅमिक केलं. नाव विचारलं तिथे 'करंबेळकर सदन' असं लिहिलं, हा त्या संध्याकाळचा एकमेव समाधानाचा क्षण. दिवे लागले. हिरवे, लुकलुकणारे. इंटरनेट आलं नाही.

दिवे लागलेले पाहून शेजारचे सुभेदार ज्योतिबा आत आले. ते फौजेत सिग्नल विभागात होते, असं ते स्वतः सांगतात. राउटरकडे कमरेवर हात ठेवून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "इसको हाइट चाहिए. आमी लेहमध्ये सगळं उंचावर ठेवायचो." म्हणून राउटर देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर गेला. इंटरनेट आलं नाही. मग समोरचे धरणेंद्र मगदूम आले. मगदूम मूळचे आष्ट्याकडचे, शेती खात्यातून निवृत्त होऊन इथे साताऱ्यात राहिले त्याला वीस वर्षं झाली, पण बोलणं अजून आष्ट्यातच राहतं. ते जेवून आले होते, कारण ते जैन, सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण आटोपलेलं असतं. त्यांनी राउटरकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"अण्णा, आमच्या पोरीला बोलवू का? प्राची ह्येच शिकल्या."

आता प्राची मगदूम ही मुलगी माझ्यादेखत वाढली. तिला लहान सायकलची हवा मी भरून दिलेली आहे. तिनं येऊन मला वायर शिकवावी, हे मला पटेना. मी म्हणालो, "छे छे, दोष कंपनीचा आहे. उद्या बघू." मगदूम म्हणाले, "बगा बाबा. उद्या तिची मुलाखत हाय चार वाजता. परदेशी कंपनी. नेट नीट पायजे."

ही मुलाखत म्हणजे काय होतं ते आमच्या आख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं. प्राचीची चौदा महिन्यांपूर्वी नोकरी गेली होती. तेव्हापासून पोरगी खोलीत बसून अर्ज करत होती, आणि तेव्हापासून मगदुमांनी गोड सोडलं होतं. तिला नोकरी लागेपर्यंत गोडाचा त्याग, असा त्यांनी मंदिरात नियम घेतला होता. साताऱ्यात राहून चौदा महिने कंदी पेढ्याच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी उठून पाहतो तर हिनं देव्हाऱ्यापुढे पाट मांडून घरातली सगळी हत्यारं पूजेला बसवलेली: विळी, कोयता, शिवणयंत्र, माझी खात्यातली पक्कड, टेस्टर. अंगणात स्कूटरला झेंडूचा हार. आणि फळीवर राउटर. त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, डोक्यावर एक फूल आणि पुढ्यात सुपारी.

"याला कशाला?" मी विचारलं.

"यंत्र नाही का ते? नवीन यंत्र, पहिली खंडेनवमी. उद्या संध्याकाळी सीमोल्लंघन होईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही."

"अगं, पण ते चालू आहे."

"मग चालूच राहू दे. देवापुढचा दिवा आपण विझवतो का?"

हे मला पटलं. शिवाय राउटरचा माझ्यापुरता उपयोग तेवढाच होता. मी नमस्कार करून बाहेर आलो, तर फाटकात सहा-सात माणसं उभी. सुभेदार ज्योतिबा पुढे. सगळ्या कॉलनीचं इंटरनेट रात्रीतून गेलं होतं. एकाही घरात चालत नव्हतं.

खरं सांगायचं तर मला अतिशय आनंद झाला. म्हणजे माझं काही चुकलेलं नव्हतं. दोष कंपनीचा आहे हे मी काल संध्याकाळीच म्हणालो होतो आणि आता त्याला बावीस घरांचा पुरावा होता. कॉलनीचा अध्यक्ष या नात्यानं मी ताबडतोब निवेदन लिहायला घेतलं. निवेदन हा माझा हातखंडा. 'आम्ही खाली सह्या करणारे' या शब्दांनी सुरू झालेला कागद मी कधी वाया जाऊ दिलेला नाही. तीन मागण्या लिहिल्या. एक, सेवा तातडीने पूर्ववत करावी. दोन, कारणांची चौकशी व्हावी. तिसरी मला लिहितालिहिता सुचली आणि लोकांना सर्वांत जास्त आवडली: 'सदर प्रकारास जबाबदार असणाऱ्या व्यक्तीने सर्व रहिवाशांसमक्ष, हात जोडून, स्पष्ट शब्दांत आपली चूक कबूल करावी.' सुभेदार म्हणाले, "ये बात!" बावीसच्या बावीस सह्या झाल्या. पहिली माझी.

सह्या आणि दोन चुकांमुळे झालेलं पुनर्लेखन यात दुपार उजाडली. मोर्चा पायी निघाला, कारण सगळ्यांच्या गाड्या हार घालून पूजेला बसलेल्या. डोंगर उतरून, राजवाड्यावरून मानसिंगच्या कचेरीत पोचायला पावणेतीन वाजले. वाटेत मगदूम फक्त घड्याळ बघत होते.

मानसिंगच्या कचेरीतही पूजा. भिंतीवरच्या यंत्रांच्या कपाटाला तोरण, खाली ओळीनं पक्कडी, शिडी, वायरची भेंडोळी, सगळ्यांना कुंकू. मानसिंग स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत बसला होता.

"या अण्णा, बसा. परसाद घ्या. पण काम आज न्हाई हां. हत्यारं पूजेला बसल्यात."

मी निवेदन वाचून दाखवलं. तिन्ही मागण्या. तिसरी दोनदा, कारण मागच्या लोकांना ऐकू आली नाही असं ते म्हणाले. मानसिंगनं शांतपणे ऐकलं, मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "आमच्याकडनं लाइन चालू हाय. बिघाड तुमच्या गल्लीत हाय."

"अशक्य," मी म्हणालो.

"आवं, ऐका. ह्या कपाटात एक मशीन हाय. ती कालव्यावरच्या पाटकऱ्यावानी हाय बघा. पाटकरी कसा सांगतो, आज तुजी पाळी, उद्या तुजी? तशी ही दर घराला नंबर देती. घरातला राउटर उठला की इचारतो, माजा नंबर कुठला? मशीन सांगती, घे ह्यो. मग नेट चालू. आता काय झालंय, तुमच्या गल्लीत कुणीतरी दुसराच पाटकरी हुबा केलाय. त्यो मधल्या मधी नंबर वाटतुया. समदी घरं त्येचंच ऐकत्यात, कारण त्यो जवळ हाय. आन् त्येच्याकडं पाणीच न्हाई. मग रान भिजंल कसं?"

हे सगळ्यांना लख्ख समजलं. मलाही समजलं. अजून मला काही वाटत नव्हतं.

"पर ह्ये हुतंय कशानं?" मगदुमांनी विचारलं.

"राउटर उलटा जोडल्यावर. आमची वायर निळ्या खाचंत घालायची असती. एखादा शाना ती पिवळ्यात घालतो."

सगळे हसले. मीही हसलो. माझ्या लक्षात आलं की बाकीच्यांचं हसणं थांबलं तरी माझं चालूच आहे, तेव्हा मी थांबलो.

"असला येडा कोन आसंल आपल्यात?" मगदूम म्हणाले. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. "अण्णा, मागणी नंबर तीन. छोडना नहीं उसको."

"उद्या सीमोल्लंघन झालं की मी येतो," मानसिंग म्हणाला. "घरटी बगू. घावंल."

म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत मी सुरक्षित होतो. रात्रीतून वायर हलवली की कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. तीस पावलं चालेपर्यंत हा विचार मला फार बरा वाटला. मग शेजारून चालणाऱ्या मगदुमांनी पुन्हा घड्याळ पाहिलं आणि अगदी हळू आवाजात, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "चौदा म्हैनं बसली पोरगी. आन् आजच व्हायचं हुतं."

मला लाज वाटली. तरीही तोंड उघडलं नाही. अध्यक्षपद, खात्यातली चौतीस वर्षं आणि तिसरी मागणी हे तिघं मिळून माझं तोंड धरून बसले होते. "मला जरा पुढं जायला हवं, घरी काम आहे," असं म्हणून मी मोर्चा सोडला आणि चढ चढायला लागलो. अर्ध्यात दम लागला. दोनदा कठड्यावर बसलो. घरी पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती.

विनोदिनीला सगळं सांगितलं. ती पुरण वाटत होती. वाटता वाटता तिनं ऐकलं.

"म्हणजे तुम्हीच."

"मीच. ती वायर काढतो."

"पूजेतल्या यंत्राला आज हात लावायचा नाही."

"अगं, पोरीची मुलाखत आहे."

"मी नाही म्हणत नाही. पण कुंकू लावलेलं हत्यार मी उचलू दिलेलं नाही आजवर. दुसरं काही सुचतंय का बघा. चौतीस वर्षं खात्यात काय केलंत?"

हे बोलणं मला लागलं, आणि लागल्यामुळेच सुचलं. यंत्राला हात लावायचा नाही, ठीक. पण वीज गेली तर? नवरात्रात वीज गेली म्हणून देवी कुणावर कोपल्याचं माझ्या नोकरीत एकही उदाहरण नाही. यंत्र जागच्या जागी, कुंकू जागच्या जागी, आणि माझा पाटकरी झोपी गेलेला. हिलाही हे मान्य झालं. तिनं वाटण आटोपेपर्यंत थांबा म्हटलं, कारण मिक्सर चालू होता. मी थांबलो. चार वाजून सहा मिनिटांनी मी मेन स्विच खाली ओढला. घर शांत झालं. फळीवरचे हिरवे दिवे विझले. नोकरीत मी हजारो घरांची वीज चालू केली, पण इतकं पुण्य लागल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या घरातून मगदूम अनवाणी धावत आले.

"अण्णा! लाइट गेली का तुमची? पोरीचं चांगलं चाललं हुतं, सगळं एकदम बंद पडलं!"

"चाललं होतं?" मी म्हणालो. "नेट तर बंद होतं ना?"

"तिनं काय केलं काय म्हाईत, तिचं एकटीचं चालू हुतं! पाच मिनटं झक्कास बोलली. आन् आत्ता पार गेलं!"

मी मगदुमांच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. भिंतीवर मानसिंगचा डबा होता. बारा वर्षं माझ्या मीटरवर चालणारा, आख्ख्या कॉलनीची वायर पोटात घेतलेला. तोही विझला होता.

मी मेन वर केला. डब्यातले दिवे एकेक करून, सावकाश, सरकारी वेगानं लागायला लागले. आणि त्याबरोबर देव्हाऱ्याच्या फळीवरचे हिरवे दिवेही लागायला लागले. माझा पाटकरी पुन्हा उठून बसत होता.

"मगदूम," मी म्हणालो, "तो येडा मी आहे."

त्यांना समजलं नाही. मी बोटानं राउटर दाखवला, पिवळ्या खाचेतली वायर दाखवली, आणि कालपासूनचं सगळं एका दमात सांगून टाकलं. मगदूम देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभे होते. त्यांचा चेहरा पडला, रागानं लाल झाला, मग त्यांनी तो राग कसाबसा गिळला. मी त्यांच्या जागी असतो तर गिळला नसता.

"वयनी," ते म्हणाले, "तुमच्या पूजेतलं हाय. आमी काय बोलू? तुमी सांगाल तसं."

विनोदिनीनं हात पदराला पुसले. फळीपुढे उभी राहिली, डोळे मिटून नमस्कार केला. राउटरवरचं फूल उचलून देवीच्या पायाशी ठेवलं, सुपारी बाजूला ठेवली. मग टाचा उंचावून वायर धरली आणि कोयत्यानं नारळ सोलताना लावतो तेवढा जोर लावून ओढून काढली.

"देवीला मी सांगते काय सांगायचं ते," ती म्हणाली. "पोरीचं काम आधी."

समोरच्या खिडकीतून प्राचीचा आवाज पुन्हा सुरू झाला. इंग्रजीत, भराभर. काय बोलत होती ते कळलं नाही. मधेच ती हसली. मगदूम माझ्या अंगणात, हार घातलेल्या स्कूटरला टेकून, ते संपेपर्यंत उभे होते. मीही उभा होतो.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी कंपनीचं पत्र आलं आणि प्राची पाया पडायला आली. मी पाय मागे घेतले.

"काका, तुमच्यामुळेच झालं," ती म्हणाली.

मला वाटलं, टोमणा. पण ती खरंच सांगत होती. नवमीच्या सकाळीच तिच्या लक्षात आलं होतं. तिनं तो खोटे नंबर देणारा राउटर शोधून आपल्या कॉम्प्युटरवरून उघडून पाहिला तर वर लिहिलेलं: करंबेळकर सदन. ती 'राउटर बघू का' एवढंच विचारायला आमच्याकडे आलीही होती, पण तेव्हा मी सह्या गोळा करत फिरत होतो आणि काकूंनी सांगितलं, पूजेतलं आहे, उद्या संध्याकाळी ये. मग तिनं मानसिंगकडून पूर्वी आपल्याला मिळालेला नंबर आपल्या कॉम्प्युटरात हातानंच भरला. माझ्या पाटकऱ्याला विचारलंच नाही.

"आणि ते मधेच बंद पडलं, ते का, असं कंपनीवाल्यांनी विचारलं. तुमचं नि बाबांचं बोलणं खिडकीतून ऐकलं होतं, मग मी सगळं सांगितलं. पिवळी खाच, पूजा, मेन स्विच. त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवायला लावलं. मुलाखत अर्धा तास वाढली काका. दुसरे कठीण प्रश्न विचारलेच नाहीत."

"माझं नाव सांगितलंस?"

"नाही हो. 'शेजारचे एक काका' एवढंच म्हटलं."

"तुझ्या वडिलांना सकाळीच का नाही बोललीस?"

"तुम्ही दोघं निवेदन घेऊन इतक्या तावातावानं निघाला होता," ती म्हणाली, "मला वाटलं, कशाला."

संध्याकाळी, मगदुमांच्या जेवणाच्या वेळेआधी, कॉलनी कडुनिंबाखाली जमली. हातात आपट्याची पानं. मानसिंगही आला होता, घरटी तपासणीसाठी, नव्या पक्कडीसह. मी खिशातून निवेदन काढलं. तिसरी मागणी मोठ्यानं वाचली, मागच्यांनाही ऐकू जाईल अशी. कागद घडी करून खिशात ठेवला, हात जोडले आणि म्हणालो, "वायर मी पिवळ्या खाचेत घातली होती. मला वाटलं, निळी अर्थिंगची आहे. चूक माझी आहे."

मग सुभेदार म्हणाले, "मुझे पहले से शक था." मानसिंग खाली बघून पक्कड पुसायला लागला.

मगदूम पुढे आले. त्यांच्या एका हातात आपट्याचं पान होतं आणि दुसऱ्यात कंदी पेढा. चौदा महिन्यांनंतरचा पहिला. त्यांनी त्याचे दोन तुकडे केले, बराच वेळ दोन्ही तुकड्यांकडे बघितलं आणि मोठा माझ्या तोंडात घातला. माझे डोळे भरून आले, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

मग त्यांनी माझ्या हातात पान ठेवलं.

"सोनं घ्या, अण्णा, सोन्यासारखं ऱ्हावा," ते म्हणाले. "आन् त्यो डबा तेवढा आमच्या भिताडावर लावू द्या."